पुढची रांग मागायची राहिली

मध्यंतरी नागपुरातल्या एका थंडगार सभागृहात एक भाषण झालं. विषय होता, व्यावसायिक खेळाडू सुपरस्टार कसा घडतो. बोलणारा तरुण, कोट घातलेला. मागच्या पडद्यावर आमच्या कांचनचा फोटो, हातात बास्केटबॉल, अंगावर लीगचा झगझगीत पोशाख. त्याने उंची सांगितली, चेहरा सांगितला, मोबाईलवर किती लोक पाहतात ते सांगितलं, आणि शेवटी छातीवर हात ठेवून तिच्या संघाच्या वतीने म्हणाला, "आम्ही तिला घराघरांत नेलं." टाळ्या झाल्या.

मी मागच्या दाराजवळ उभा होतो. मी तिथूनच ओरडलो, "कोणाच्या घरी नेलं ते सांगा की! एका घराचं नाव सांगा!" दोन माणसं आली, त्यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. म्हणून हे लिहायला बसलो आहे. दिवाळी अंकात निदान कोणी दंड धरत नाही.

माझा धंदा खेळाडू पुरवण्याचा होता. असा धंदा असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. मी दहावी नापास. सीताबर्डीवरच्या एका खेळसाहित्याच्या दुकानात बॉलमधले ब्लॅडर बदलायला आणि जाळ्या विणायला लागलो आणि तिथेच क्लबांची माणसं ओळखीची झाली. आमच्या भागात तालुक्याच्या गावालासुद्धा सिमेंटचं बास्केटबॉल मैदान असतं. हिवाळ्यात तिथे स्पर्धा लागतात. दिवे लागतात, चहा-भज्यांच्या गाड्या लागतात, अर्धं गाव येतं. प्रत्येक संघात पाच जण खेळतात, त्यांतले दोन बाहेरगावचे चालतात. त्यांना पाहुणे खेळाडू म्हणायचे. कोणत्या गावाला कोणता पाहुणा शोभेल हे मी ठरवायचो, आणि त्याचं भाडं, बूट, राहणं, जेवण यांचा भाव करायचो. भाव करताना मी आवाज चढवायचो आणि समोरचा चहा थंड होऊ द्यायचो. चहा प्याला की माणूस नरम पडतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असायची. एका गावच्या संघाचे मालक कापडाचे व्यापारी होते. ते खेळाडू मापावर घ्यायचे.

"सुधाकरभाऊ, मागच्या साली तुम्ही सहा-तीनचा देल्ला. औंदा सहा-सहाचा पाहिजे."

"शेठ, खेळाडू आहे तो. पायजम्याचं कापड नाही."

"मी मोजून घेईन ना गा."

आणि खरंच मोजलं. मी भिलाईकडून एक पोरगा आणला, त्याला दुकानाच्या खांबाला उभं करून शेठनी लोखंडी गजाने मापलं. अर्धा इंच कमी भरला म्हणून माझ्याशी भांडले. मीही भांडलो. केसांसकट मोजा म्हटलं.

तो पोरगा चांगला होता. रिंगच्या खाली उभा राहिला की वरचा प्रत्येक बॉल त्याचा. सगळ्या स्पर्धेत सर्वांत जास्त गुण त्याचे. पण त्याचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. लोक त्याला 'तो लांबोडा' म्हणत. आणि समोरच्या संघात एक बुटका पाहुणा होता, संजू नावाचा. दहा वेळा फेकला तर तीनदा आत जायचा. पण त्याच्या हाती बॉल आला की बायाबापड्या उठून उभ्या राहत, "मार गा संजू! मार!" बॉल रिंगला लागून बाहेर गेला तरी टाळ्या. वर "लागलं तं नाही ना रे तुले?" ही चौकशी.

मला राग आला. असं काय आहे त्याच्यात म्हणून मी गावात विचारत हिंडलो. तर उलगडा असा झाला. माझ्या खेळाडूसाठी मी ऐटीत लॉजची खोली आणि लॉजचं जेवण मागून घेतलं होतं. संजूच्या संघाकडे तेवढी ऐपत नव्हती. त्यांनी त्याला रोज एकेका घरी जेवायला धाडलं होतं. ज्या घरी तो जेवला, ते घर संध्याकाळी मैदानावर. शेजारणीला सांगून, पोरांना घेऊन. आपल्या हातची भाकर खाल्लेला पोरगा कसा खेळतो ते पाहायला.

तिथून माझी पद्धत बदलली. लॉज बंद. माझा पाहुणा रोज नव्या घरी जेवणार, हे मी आधीच ठरवून घ्यायचो. आणि दुसरी गोष्ट मागायचो, ती म्हणजे पुढची रांग. ज्या घरांनी जेवू घातलं, त्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत, डाव्या कोपऱ्यापासून. यावरून मी जेवढी भांडणं केली तेवढी पैशावरून केली नाहीत. आयोजक म्हणायचे, "भाऊ, पुढं सोफे लागते. साहेब लोक येते." मी म्हणायचो, "साहेब ओरडणार आहेत का? नाही ना? मग त्यांना मागं बसवा. माझी मावशी ओरडणार आहे." एका पुढाऱ्याच्या माणसाने माझी कॉलर धरली होती. मी त्याची धरली. रांग मिळाली.

या पद्धतीने मी पुष्कळ पोरापोरींना आठवडाभराचं कौतुक मिळवून दिलं. स्पर्धा संपली की गाव त्यांना विसरायचं आणि ते गावाला. मग कांचन आली.

कांचन बुटीबोरीची. वडील सूतगिरणीत पाळीवर. उंची बरी होती, फार नव्हती. कापडवाल्या शेठनी तिला घेतलं नसतं. मी तिला पहिल्यांदा मौद्याच्या स्पर्धेला नेलं आणि जेवायला वत्सलामावशींकडे लावलं. मावशींची पिठाची चक्की होती, नवरा गेल्यापासून त्याच चालवायच्या. त्यांनी गोळाभात केला होता. आमच्याकडचा भाताचा प्रकार, डाळीच्या पिठाचे गोळे भातावर वाफवलेले, वरून लसणाचं कढत तेल. पोरीने तीनदा मागून घेतला.

"पोट्टी खाते तं मस्त," मावशी मला म्हणाल्या. "खेळते का नाही ते मालूम नाही."

"पाहायले या ना मग."

"चक्की कोण पाहीन? बरं, बंद करून येतो."

दुसऱ्या दिवशी खेळ रंगला आणि कांचनला समोरच्या पोरीने धक्का दिला. अशा वेळी फ्री थ्रो मिळतो. सगळे बाजूला होतात आणि खेळाडू एकटा रेषेवर उभा राहून रिंगमध्ये बॉल टाकतो. पुष्कळ जण तिथे आकाशाकडे बघतात, कोणी छातीला हात लावतात. कांचनने पुढच्या रांगेत डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. मावशी बसल्या होत्या, केसांवर पीठ तसंच. तिने मान हलवली. मावशींनी मान हलवली. बॉल आत.

सामना झाल्यावर मी विचारलं, "काय पाहून राहिली होती वं तिकडे?"

"मावशी आली का ते पाहिलं, काका. चक्की बंद करून येतो म्हणे. आली असन तं बॉल आत जाते."

पुढे रामटेकला दुसरं घर, उमरेडला तिसरं. प्रत्येक ठिकाणी तोच कोपरा, तीच मान. कोणाच्या गुडघ्याला तेल लावलं, कोणाच्या सुनेचं माहेर कुठलं, हे तिला वर्षाने त्या गावी गेल्यावरही आठवायचं. निघताना चप्पल घालून परत आत जायची, "मावशी, येतो बरं." हे मी शिकवलं नव्हतं. शिकवता आलं असतं तर मी चार सुपरस्टार काढले असते आणि आज माझाही कोट असता.

खेळाचंही सांगतो, नाहीतर लोकांना वाटेल ही नुसती जेवून मोठी झाली. कांचन बॉल घेऊन निघाली की समोरच्या दोघी तिच्यावर धावायच्या. दोघी तिच्यावर म्हणजे आमची एक मोकळी. तिच्याकडे न पाहता कांचन तिला बॉल द्यायची आणि गुण झाले की तिच्याकडे बोट दाखवायची, माझ्याकडे नको, तिच्याकडे बघा म्हणून. त्यामुळे आमच्या साध्या पोरीही तिच्याबरोबर ताठ उभ्या राहायच्या. मी इतकी वर्षं मैदानाच्या कडेला काढली, त्यावरून एवढंच सांगू शकतो. चांगल्या खेळाडूच्या हाती बॉल आला की लोक ओरडतात. तिच्या हाती आला की आधी सगळे गप्प व्हायचे.

मग लीग आली. शहरांच्या नावाचे संघ, टीव्ही, हॉटेल. नागपूरच्या संघाने कांचनला एका हंगामासाठी घेतलं. त्याच वेळी तिला खेळाडूंसाठी राखीव जागेवर एका सरकारी खात्यात नोकरी आली होती. दोन्ही जमणार नव्हतं. तिने नोकरीला नाही म्हटलं. तिचे वडील माझ्या घरी आले, कामावरचेच कपडे अंगावर.

"भाऊ, पक्की नोकरी सोडून कोणी बॉल खेळते का गा? उद्या यायनं काढून टाकलं तं पोरगी काय गिरणीत येईन माझ्यासंग?"

मी म्हटलं, नाही काढणार. ते पाणीही न पिता गेले.

आणि काढायची वेळ आलीच. नागपुरातले पहिले तीन सामने झाले आणि हॉल रिकामा. कांचन अशी खेळली की मी खुर्चीवर बसू शकलो नाही, पण पाहायला खेळाडूंचे नातेवाईक आणि पंखे. तिला हॉटेलात ठेवलेलं, खाणं मोजून, भेटीगाठी बंद. मॅनेजर पुण्याचा, वयाने माझ्या मुलाएवढा, बोलायला गोड. त्याने मला सांगितलं, "काका, प्लेअर चांगली आहे, पण स्टार नाही. पुढच्या हंगामाला आम्ही बाहेरचं मोठं नाव आणतोय. शेवटच्या होम मॅचनंतर तिला कळवू."

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. पण भाव करणाऱ्याने रागात उठून जायचं नसतं. रागात बसून राहायचं असतं. मी बसून राहिलो. चहा आला, तो तसाच ठेवला.

"शेवटचा सामना आठ दिवसांनी आहे," मी म्हटलं. "तोवर रोज एक वेळचं तिचं जेवण माझ्याकडे द्या."

"बाहेरचं अन्न आम्ही चालू देत नाही काका. पोट बिघडलं तर?"

"विदर्भातल्या बाईच्या हातचं खाऊन ज्याचं पोट बिघडलं तो माणूस दाखवा मला."

तो हसला. मी पद्धत समजावून सांगितली. तो ऐकत होता, आणि मोबाईलमध्ये काहीतरी टिपत होता. मी म्हटलं, हॉल भरला तर तिला तीन हंगाम द्यायचे. बराच वेळ ताणाताणी झाली. शेवटी तो म्हणाला, "ठीक. पण मग पुढे तिचा कारभार मुंबईची एजन्सी पाहील. तुम्ही त्यातून बाजूला व्हायचं."

मी तिच्या बापाचा चेहरा आठवला आणि हो म्हटलं. मी कागदावरून बाजूला व्हायला तयार झालो होतो. हॉलच्या दाराबाहेर राहायला नव्हे. पण हे तेव्हा बोललो नाही.

ते आठ दिवस माझ्या धंद्यातले सर्वांत चांगले दिवस. नागपूर म्हणजे काही मौदा नाही, इथे एक घर म्हणजे एकच घर. म्हणून मी गल्ली धरली. जेवण एकीकडे, पण शेजारणीने प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा. पाटवडीचा रस्सा एकीचा, भाकरी दुसरीच्या, ठेचा तिसरीचा. एका पानात सगळी गल्ली बसली. महाल, इंदोरा, नंदनवन, अशा एकेका वस्तीत गेलो. कांचन थकलेली असायची, पण बसली की खुलायची. एक आजी तिच्या हाताचा पंजा आपल्या पंजाला लावून म्हणाली, "बाई वं, एवढ्या हातानं भाकर थापली तं एकच पुरन घराले!" सगळी गल्ली हसली आणि सगळी गल्ली सामन्याला आली. मौदा, रामटेकची माणसं गाड्या करून आली. वत्सलामावशी चक्की बंद करून आल्या आणि नेमक्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. त्यांना कोणी अडवलं नाही, कारण तोवर पुढे बसायला कोणी येतच नव्हतं.

हॉल भरला. उभं राहायला जागा नव्हती. कांचन रेषेवर गेली, कोपऱ्याकडे पाहिलं, मान हलवली. हॉल गप्प झाला. मग तो आवाज. मी मॅनेजरकडे पाहिलं. तो मैदानाकडे पाहत नव्हता, लोकांचं चित्रण करत होता.

त्याने शब्द पाळला, हे मान्य करतो. तिला तीन हंगाम मिळाले. तिच्या वडिलांनी मला पेढे आणून दिले आणि या वेळी पाणीही प्यायले. माझं म्हणणं वेगळंच आहे. पुढच्या हंगामाला त्यांनी माझीच पद्धत घेतली आणि तिच्यातून घर काढून टाकलं. 'कांचनसोबत भोजन' म्हणून हॉटेलात तिकीट लावून जेवण. तिच्या ताटात उकडलेल्या भाज्या आणि समोर फोटो काढणारे अनोळखी लोक. ते चाललं, हीच तर चीड आहे. फार चाललं. तिचे फलक लागले, पोरी तिच्यासारखी वेणी घालू लागल्या. आणि पुढची रांग त्यांनी कंपन्यांना विकून टाकली.

गावोगावी सोफ्यांवरून कॉलर धरणारा मी. तीन हंगाम मागितले, जेवण मागितलं आणि पुढची रांग मागायची राहिली. रिकाम्या हॉलमध्ये बसून पुढची रांग मागायचं कोणाला सुचतं?

त्या हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी कांचनने फोन केला होता. "काका, यंदाच्या पहिल्या सामन्याले मावशीले घेऊन या. मी पाहतो बरं कोपऱ्यात." तिला वाटत होतं, आमच्या खुर्च्या आहेतच. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने पास धाडले असते. मी आजवर तिच्यासाठी मागत आलो. तिच्याकडे कसं मागणार?

तिकिटं काढली, सर्वांत वरच्या रांगेची मिळाली. मावशी मौद्याहून बसने आल्या, हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. दारावर एका पोराने पिशवी उघडून पाहिली.

"आजी, डबा अंदर नाही नेता येत."

"गोळाभात आहे बाबू. कांचनसाठी."

"खायचं नेता येत नाही. इथी टेबलावर ठेवा, जाताना घ्या."

मी पुढे झालो. काय बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पोरगा बिचारा खाली पाहत म्हणाला, "काका, मले काहून बोलून राहिले? माझी नोकरी आहे ना." बोलीवरून रामटेककडचा असावा. मी मागे सरलो.

"राहू दे गा सुधाकर," मावशी म्हणाल्या. "तू जाय अंदर. मी इथी बसतो. डबा बाहेर अन् मी अंदर, असं नाही जमत मले."

मीही गेलो नाही. बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. समोर ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांच्यासाठी मोठा पडदा लावला होता. पुष्कळ गर्दी होती. एवढी माणसं तिच्यासाठी बाहेर उभी, आणि त्यांतल्या एकालाही ती ओळखत नव्हती. मावशींनी डबा उघडला. अजून कोमट होता. झाकणात भात काढून त्यांनी आधी त्या दारावरच्या पोराला दिला, मग मला. लसणाच्या वासाने दोघं-तिघं वळून पाहायला लागले.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी शेवटी कांचनला धक्का लागला आणि दोन फ्री थ्रो मिळाले. पडद्यावर तिचा चेहरा एवढा मोठा. ती रेषेवर आली आणि तिने डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. कॅमेराही तिकडे वळला. तिथे सूट घातलेला एक माणूस बसला होता. त्याला वाटलं, ती आपल्यालाच पाहते आहे. त्याने हसून हात हलवला. कांचन त्याच्या पलीकडे पाहत राहिली, मग अलीकडे, मग मागच्या रांगेत.

माझ्या शेजारी मावशींनी, हातात घास तसाच धरून, पडद्याकडे पाहत मान हलवली.

पहिला बॉल रिंगला लागून बाहेर गेला. दुसरा आत गेला, आणि तिच्या नावाचा असा आवाज उठला की पायऱ्यांखाली कंप जाणवला. तेवढ्यावर सामना जिंकला. आमच्या अवतीभवतीचे लोक नाचायला लागले. कोणीतरी ओरडलं, "सुपरस्टार!"

मावशींनी घास परत डब्यात ठेवला, पदराला हात पुसला, आणि पडद्यावरच्या त्या एवढ्या मोठ्या चेहऱ्याला म्हणाल्या, "मी तं आली होती वं, बाई."